मागच्या दारावरची लाल पाटी

मी, या घराची मालकीण, पाट्या आणि फलक आखण्यात जन्म घालवलेली बाई, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. पूर्वी कुठे काही लिहून ठेवलेले सापडल्यास ते रद्द समजावे.

१. राहते घर, खालच्या खोलीसह, माझ्या भाचीला द्यावे. ही माझ्या नणंदेची मुलगी. आई गेली तेव्हा तिचे दुधाचे दात पडत होते. "पोरगी तुमची, तुम्हीच निस्तरा," म्हणून तिचे वडील तिला आमच्या दारात सोडून गेले आणि दुसरा संसार मांडून बसले. त्यांना किंवा त्यांच्या वारसांना या घरातली खुंटीसुद्धा मिळू नये.

२. बँकेतली शिल्लक आणि माझ्या बांगड्या तिच्याच. घालायच्या नसतील तर मोडाव्यात.

३. शिडी शेजारच्या सुताराकडे आहे. मागून मागून माझे तोंड दुखले. आता ती त्याचीच.

४. हे कलम रद्द केले आहे. का, ते लिहिणे भाग आहे.

माझे यजमान आणि त्यांचे परदेशी भागीदार मिळून आमची कचेरी चालवत. भागीदारांना आम्ही 'सरळे' म्हणायचो, कारण पोटात तेच ओठात. यजमान उलटे. पाहुण्याला तोंडावर नाही म्हणणे त्यांच्या रक्तातच नव्हते.

शिवणकारखान्याचे काम आले. बायका गावोगावच्या, भाषा वेगवेगळ्या, म्हणून संकटकाळी बाहेर पडायच्या दारावर अक्षरे नकोत, नुसते चित्र हवे, असे ठरले. सरळ्यांनी पळणारा माणूस काढला आणि पाटी लालभडक केली. त्यांच्या देशात बाहेरच्या वाटेची पाटी लालच असते. आमच्याकडे लाल म्हणजे खबरदार, पुढे जाऊ नका. त्या कारखान्यातच विजेच्या खोलीवर आणि बंद जिन्यावर लाल पाट्या होत्या.

मी पलीकडच्या टेबलावर अक्षरे आखत होते. यजमान चित्राकडे पाहत राहिले. म्हणाले, "चित्र सुरेख आहे हो. रंग मात्र जरा... आपल्याकडे... बघू."

"म्हणजे चालेल?"

"बघू, बघू," म्हणून यजमान हसले.

मला वाटले, नकार दिला, विषय संपला. यजमानांनाही तसेच वाटले. सरळ्यांना वाटले, पाहिले आणि आवडले. पाटी छापून दारावर लागली. काम उरकले तेव्हा आम्ही तिघे दुसऱ्या गावी होतो.

पुढे कापडाला आग लागली. माझी नणंद तिथे मुकादम होती. आगीतून वाचलेल्या एका शिलाईवालीने मला सांगितले, "ताई, मागचं दार उघडंच होतं. पण वर लाल दिसलं, आम्हाला वाटलं तिकडेच आग आहे. सगळ्या मागे फिरलो. तुमच्या नणंदबाई पुढच्या जिन्यात शिरल्या, त्यांच्यामागे बाकीच्या." पुढचा जिना पेटला होता.

चौकशी करणारे साहेब आपल्यातलेच होते. त्यांनी यजमानांना विचारले, "तुम्ही नाही म्हणालात का?"

"मी बघू म्हणालो."

साहेबांनी मान खाली घातली. त्यांना अर्थ कळला होता. तरी म्हणाले, "हे मी कागदावर काय लिहू?" आणि 'हरकत घेतली नाही' असे लिहिले.

यजमानांनी पुन्हा पेन्सिल धरली नाही. खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून राहत. तसेच गेले.

सरळे मायदेशी परतले नाहीत. इथेच राहिले, आपली भाषा शिकले. यजमान गेल्यावर दारात आले आणि म्हणाले, "वहिनी, आता मला 'बघू' कळतं." मी दार लावून घेतले. बऱ्याच वर्षांनी एकदा उघडले. आता त्यांना दिसत नाही, जवळचे कोणी नाही. म्हणून मी या कलमात लिहिले होते की खालच्या खोलीत त्यांना मरेपर्यंत राहू द्यावे, आणि आताच राहायला या, असे त्यांना कळवलेही होते.

भाचीला वाचून दाखवले. तिने पूर्ण ऐकून घेतले.

"नाही, मामी."

"अगं, म्हातारा माणूस आहे. विचार कर."

"केला. तुम्हाला माफ करायचं तर करा. मामांनाही करा. मला जमत नाही. माझ्या घरात नको."

आमच्या घरात असे कोणी कधी बोलले नव्हते. मला लागले. पण अर्थाबद्दल शंका उरली नाही, म्हणून माझ्या हाताने कलमावर रेघ मारली.

५. सरळ्यांना या मृत्युपत्राने काहीही मिळत नाही. हे त्यांना माझ्यामागे वकिलाकडून कळू नये, म्हणून मी आजच फोन केला. म्हणाले, "मी खोली सोडतो म्हणून इथल्या घरमालकांना सांगितलंय. सामान बांधलंय."

"सोडा," मी म्हणाले. "ती नाही म्हणाली."

"नाहीच?"

"नाहीच."

"बरं झालं सांगितलंत," ते म्हणाले. मग फोन कोणी आधी ठेवेना.

वरील मजकूर वाचून, समजून, साक्षीदारांसमोर सही केली.

सही : लिहिणार

साक्षीदार : १. दाखला देणारे डॉक्टर (सही)
२. शेजारचा सुतार (सही, शिडीचे कलम मान्य)

ठिकाण : राहते घर, स्वयंपाकघरातले टेबल
दिनांक : दाखल्यावर आहे तोच