खालची केळबाग मारेलेच्या घराला

मी, एलियेशी न्देतारा किवेरा, वय वर्षे चौऱ्यांशी, पूर्वीचा धंदा मिशनच्या दवाखान्यात सुईण, हल्ली केळीची बाग आणि एक गाय, राहणार ओरिंगा, जिल्हा मोशी, देश टांझानिया, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझी शुद्ध शाबूत आहे. कान थोडे गेले आहेत, पण ऐकायचं ते ऐकू येतं. मला कोणी धाक घातलेला नाही. या गावात धाक घालण्याच्या वयाचे जेवढे आहेत ते सगळे माझ्याच हातांतून बाहेर आलेत. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. माझा मुलगा विल्बर्ड याने दार-एस-सलामहून एक छापील नमुना सहीसाठी आणला होता, तो चुलीत गेला.

कलम एक. माझे राहते घर व त्याभोवतीची वरची केळबाग माझी धाकटी मुलगी आइका हिला द्यावी. आमच्यात घर धाकट्याला जातं. विल्बर्ड म्हणतो, धाकट्या मुलाला, मुलीला नाही. अरे बाबा, माझे भाऊ निपुत्रिक गेले आणि बाग माझ्या नावावर झाली, तेव्हा कुळातल्या म्हाताऱ्यांनी हेच तुणतुणं वाजवलं होतं. कागद माझ्या नावाचा आहे आणि तो आइकाच्या नावाचा होईल.

कलम दोन. विल्बर्डला कॉफीची सगळी झाडे, गाय, आणि पोस्टात जे काही असेल ते. तुझं नाव तुझ्या आजोबांनी एका जर्मन पाद्र्यावरून ठेवलं. मी नको नको म्हणत होते, पण बाळंतिणीचं ऐकतो कोण! त्यात तुझा काही दोष नाही.

कलम तीन. माझी कात्री, काशाची वाटी आणि पोटाला लावून बाळाचे ठोके ऐकायची लाकडी नळी दवाखान्यातल्या नव्या नर्सबाईंना द्यावी. त्यांच्याकडे यंत्र आहे म्हणे. वीज जाते तेव्हा नळी लागेल.

कलम चार. हे कलम माझे आजोबा किवेरा यांच्याबद्दल आहे. जर्मनांनी झोपडीमागे कर बसवला, किल्ल्यासाठी दगड वाहायला माणसं जुंपली. आजोबा म्हणाले, आम्ही आमच्या पाटाचे दगड उचलू, तुमच्या किल्ल्याचे नाही. त्यांना बाजारातल्या झाडाला टांगलं. आजी खाली उभी होती, पाठीवर माझे वडील बांधलेले. संध्याकाळी धड परत दिलं. डोकं पेटीत घालून समुद्रापार नेलं; तिकडच्या शिकलेल्या लोकांना आमची डोकी मोजून बघायची होती म्हणे.

तेव्हापासून आमच्या घरात कोणी ‘डोकं दुखतंय’ म्हणत नाही. एकदा मी लहानपणी म्हटलं, तर आजीने पळीच फेकून मारली. म्हणाली, “दुखायला आहे ना तुझ्याजवळ? मग गप बस.” सणाला केळ्याची दारू, म्बेगे, गाळली की पहिला वाटा आजोबांचा, पण तो ओतायचा कुठे यावर दरवेळी भांडण व्हायचं, कारण तोंडच नाही. शेवटी आजी मातीत ओतायची आणि रडायची.

आणि ते दिसायचे. आजीला, वडिलांना, मलासुद्धा. कलत्या उन्हात, खालच्या बागेच्या कडेला पाटाजवळ, खांदे आमच्याकडे करून उभे. मी ख्रिस्ती बाई, चर्चच्या भगिनी मंडळाची अध्यक्षा, तरी सांगते, दिसायचे. हात खालच्या बागेकडे केलेला असायचा. कुळातले म्हातारे म्हणायचे, “बाग सांभाळा, शेजारच्या मारेलेच्या अवलादीला पाऊल टाकू देऊ नका, असं सांगतोय तो.” आम्ही तसंच केलं.

कलम पाच. खालची केळबाग, पाटाच्या पाण्याच्या हक्कासह, एलिफासी मारेले याला व त्याच्या वारसांना परत द्यावी. मी ‘परत’ हा शब्द जाणूनबुजून लिहिला आहे.

मारेले हा एलिफासीचा आजोबा, आमचा शेजारी. फाशीच्या आदल्या संध्याकाळी तो किल्ल्यात शिरताना लोकांनी पाहिला. पुन्हा कोणी पाहिला नाही. झालं! यानेच नावं सांगितली, बक्षीस घेतलं, समुद्रकाठी जाऊन बसला, असं ठरलं. त्याच्या बायकोला पोरांसकट बागेतून हुसकलं आणि बाग आमच्या घराला दिली. ती बिचारी सपाटीवर गोऱ्यांच्या घायपाताच्या मळ्यात राबून मेली. एलिफासीचा बाप पुढे वर आला तो मजूर म्हणून, आमच्याच कॉफीत. गावात चहाडखोर पोराला आजही ‘मारेले’ म्हणतात. ज्याचं आडनाव तेच आहे त्याने शाळेत कसं बसायचं, हा विचार कोणाच्या मनाला शिवला नाही.

दोन वर्षांपूर्वी जर्मनांच्या देशातल्या एका संग्रहालयाची माणसं आली. त्यांच्या फडताळात आमच्या डोंगरावरच्या कवट्या आहेत, थुंकी द्या, कोण कोणाचं ते जुळवून बघतो म्हणाली. मी सर्वांत पुढे. एलिफासी रांगेत शेवटी उभा राहिला तेव्हा लोक हसले. “तुझा काय सापडणार रे तिथे? तुझा समुद्रावर मासे खातोय!” तो म्हणाला, “सगळे देतायत म्हणून देतो.”

निकाल चर्चच्या खोलीत वाचला. ओरिंगाच्या किल्ल्यातून नेलेली एकच कवटी सापडली. तारीख फाशीच्याच दिवसाची. रक्त जुळलं ते एलिफासीचं.

मी ओरडले, “मग माझे कुठे आहेत?” आधी तेच तोंडून निघालं, खोटं कशाला लिहू. एलिफासी माझ्या शेजारीच बसला होता. तो हळूच म्हणाला, “विल्बर्डच्या आई, म्हणजे तो कुठे गेलाच नव्हता.”

मारेले किल्ल्यात का गेला होता, हे आता कोणी सांगू शकणार नाही. माणसं सोडवायला गेला असेल. मिठासाठीही गेला असेल. जर्मनांनी आम्हाला कधीच सांगितलं नव्हतं की कोणी चहाडी केली. ते आमचं आम्हीच ठरवलं. आजोबा त्या रात्री किल्ल्यातच कोंडलेले होते. मारेलेचं काय झालं ते त्यांनी पाहिलं असणार. आता माझी खात्री आहे की पाटाजवळ उभं राहून ते बाग परत द्या म्हणत होते. ते सांगणार कशाने? आणि आम्ही उलटा अर्थ लावून शंभरावर वर्षं मारेलेची केळी खाल्ली. 

आमच्यात माफी मागायची तर कुंपणाच्या इसालेचं पान गाठ मारून पुढे करतात, आणि समोरच्याला नाही म्हणता येत नाही. मी पान घेऊन एलिफासीच्या दारात गेले. 

“नाही म्हणायची सोय नाही म्हणून घेतो,” तो म्हणाला. “पण माझा बाप ‘मारेले, मारेले’ ऐकत मेला. त्याच्याकडे पान घेऊन कोण जाणार?”

“मी जाईन,” मी म्हटलं. “माझी तिकडे जायची वेळ झालीच आहे. पण रिकाम्या हाताने जाणार नाही.”

म्हणून हे मृत्युपत्र.

कलम सहा. विल्बर्डने खालची बाग हॉटेलवाल्याला दाखवली आहे, हे मला माहीत आहे. तिथून आमच्या डोंगराचं शिखर, किबो, छान दिसतं म्हणे. फोनवर म्हणाला, “आई, मेलेल्या माणसाला जमीन काय करायचीय?” मी म्हटलं, “झोपायला लागते रे, राजा.” तर म्हणतो, तू भावनेच्या भरात आहेस. विल्बर्डने या कागदाला कोर्टात हरकत घेतल्यास कलम दोन रद्द समजावे आणि गायसुद्धा आइकाला द्यावी. लेकरा, रागावू नकोस. तुझ्यावर माझा जीव आहे, पण ही बाग तुझ्या आईची कधी नव्हतीच.

कलम सात. मारेलेची पेटी अजून आलेली नाही. दोन सरकारांचे कागद चालले आहेत. ती येईल तेव्हा खालच्या बागेत, किबोकडे तोंड करून, इसालेच्या कुंपणाशी त्याला ठेवावे. एलिफासीची बायको गेली, त्याच्या घरात रडायला बाई उरलेली नाही. तेव्हा आइका, तू आणि आपल्या कुळातल्या सगळ्या बायकांनी पुढे जायचं, आणि सख्ख्यासाठी रडतात तसं, नाव घेऊन, मोठ्याने रडायचं. हळू रडलात तर मला कळेल. बोकड विल्बर्डने आणायचा. आणि या घरात पुन्हा कोणी ते नाव शिवी म्हणून उच्चारलं, तर त्याला त्या दिवशी जेवायला वाढू नये.

कलम आठ. माझ्याबद्दल. आजोबांचा शोध बंद करू नका. दरवर्षी पत्र पाठवत जा. जुन्या रिवाजाप्रमाणे काही वर्षांनी मेलेल्याची कवटी वर काढून बागेत वाडवडिलांच्या ओळीत बसवतात. चर्चने ते बंद केलं, पण विल्बर्डचे चुलते अजून गुपचूप करतात. माझं करू नका. कापड लागेल तेवढं घ्या, मला डोक्यापासून पायापर्यंत गुंडाळा, आणि घराजवळ एकाच खड्ड्यात ठेवा. नंतर कोणीही, कितीही प्रेमाने, मला हात लावू नये. या घरातलं एक तरी माणूस सगळंच्या सगळं एका जागी राहू द्या.

हे मृत्युपत्र मी वाचून पाहिले, बरोबर आहे. एलिफासी मारेले याला यातून मिळकत जात असल्याने साक्षीला घेतलेले नाही; तो बाहेर ओट्यावर बसला आहे.

सही: एलियेशी न्देतारा किवेरा

साक्षीदार:
१. रुवाइची मोन्गी, निवृत्त शिक्षक, ओरिंगा
२. नासिकिवा लेमा, चर्चच्या भगिनी मंडळाच्या सभासद, ओरिंगा

ठिकाण: ओरिंगा, जिल्हा मोशी
तारीख: १४ मार्च २०२४