पांढरी कळी दिसली तरच

मी, कोसेकी शिनो, वय सत्तर, माध्यमिक शाळेतील सेवानिवृत्त जीवशास्त्र शिक्षिका, राहणार कामिसावा खोरे, यामागाता प्रांत, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे, पोट नाही. डॉक्टरांनी शरद ऋतूचे नाव काढले तेव्हा माझ्या मनात आधी एवढेच आले, की या वर्षी बचनागाला निळी फुले येतील ती पाहायला मी असेन की नसेन. मला कोणी भरीस घातलेले नाही, आणि अडवायलाही घरात कोणी नाही. घरात मी आहे आणि अंथरुणाच्या कपाटात किनू आहे.

किनू म्हणजे माझी धाकटी जाऊ. ती या फेब्रुवारीत वारली. तिच्या अस्थींचा कलश पांढऱ्या कापडात बांधून कपाटात ठेवावा लागला आहे, कारण कोसेकी कुळाच्या थडग्यात तिला जागा नाही, असे माझा मुलगा तादाओमी याने सेंदाईहून फोनवर सांगितले. थडग्याचा हक्क वडिलांमागे त्याच्याकडे आहे. त्याच थडग्यात किनूचा नवरा आणि तिचा पाच वर्षांचा मुलगा आहेत. तिला त्यांच्याजवळ ठेवले जावे, एवढ्याचसाठी मी हे लिहायला बसले आहे. बाकीची कलमे कागद भरावा म्हणून आहेत.

मागच्या महिन्यात एकदा लिहून झाले होते. पण शेवटी तारखेच्या जागी, आमच्याकडे निमंत्रणावर लिहितात तसे, मी 'वसंतातील शुभ दिवस' असे लिहिले. वकिलाने कागद परत केला. म्हणाला, "बाई, शुभ दिवस कोर्टात चालत नाही." म्हणून हे दुसऱ्यांदा.

कलम पहिले. राहते घर आणि त्यातील सामान तादाओमीला द्यावे. उत्तरेचे छप्पर गळते, ते मी मुद्दाम दुरुस्त केलेले नाही. लोणच्याची पिंपे त्याच्या बायकोला नको असतील तर शेजारी तोगाशी उमे हिला द्यावीत. तिची नजर फार दिवस त्यांच्यावर आहे.

कलम दुसरे. माझे भिंग, झाडपाला गोळा करायचा पत्र्याचा डबा, पाने दाबायच्या फळ्या आणि वाळवून चिकटवलेल्या वनस्पतींचे सगळे कागद माझी नात चिहारु हिला द्यावेत. पोस्टात जे काही शिल्लक असेल तेही तिलाच. चिहारु औषधशास्त्र शिकते. ती लहान असताना एका उन्हाळ्यात माझ्याकडे राहिली होती आणि तिने मला विचारले होते, "आजी, झाडांना कसं कळतं आपण कुठल्या कुळातले ते?" मी म्हटले, त्यांना कळत नाही, आपणच ठरवतो. तिला ते पटले नाही. मलाही अजून पुरते पटलेले नाही.

वर्गात मी पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगत असे. दिसण्यावर जाऊ नका. आधी फूल मागा, पाकळ्या मोजा, केसर मोजा. फूल नसेल तर देठ पाहा. देठावरून कळले नाही तर मूळ उकरा. तेवढ्यानेही कळले नाही तर हात मागे घ्या. मुले मला पाठीमागे 'कुळवाल्या बाई' म्हणत. मला ते आवडायचे, पण मी तसे दाखवले नाही.

कलम तिसरे. घरामागचा ओढ्यापर्यंतचा उतार. याबद्दल सविस्तर लिहिणे भाग आहे.

या उतारावर बर्फ वितळले की दोन पाने शेजारी-शेजारी वर येतात. एक निरिनसो, म्हणजे जोडफुली. एका दांड्यावर दोन पांढरी फुले येतात, एक आधी आणि दुसरे मागून, म्हणून हे नाव. तिची पाने उकडून सोयाच्या रसात घालून आम्ही खातो. दुसरा बचनाग, मुळापासून पानापर्यंत जहरी; तो ओलीकडे, ओढ्याच्या काठाला जास्त. दोन्ही एकाच कुळातली आणि दोघांचे पान सारखेच फाटलेले. फरक असा, की जोडफुलीची तीन पाने दांड्याला थेट बिलगलेली असतात, आणि बचनागाच्या प्रत्येक पानाला स्वतःचा देठ असतो. पण चिरून उकडल्यावर देठ कोण पाहतो. बचनाग फुलतो शरदात. म्हणून खोऱ्यातली रीत अशी, की पांढरी कळी दिसली तरच खुडायचे.

किनू समुद्रकाठची, मासेमाऱ्याची मुलगी. तिला रानातले गवतही ओळखू येत नव्हते. तिला जोडफुली मी शिकवली. उतारावर उकिडवे बसवून कळी हातात दिली, मूळ उकरून दाखवले, बचनागाचा गड्डाही दाखवला. ती हसून म्हणाली, "ताई, आधी उमलतं ते तुम्ही, मागून येणारं ते मी." त्यानंतर ती कळीशिवाय एक पान खुडत नसे. इतकी भ्यालेली होती, की घरी आल्यावर टोपली माझ्यापुढे ओतून पुन्हा तपासून घेई.

आता सासूबाईंबद्दल. कोसेकी ताकेयो, खोऱ्यातल्या थोरल्या घराची मालकीण. आमच्याकडे नव्हाळीचे वेड मोठे. हंगामातली पहिली भाजी ज्या घरात शिजते त्या घराचा मान. कळी आलेली जोडफुली पानात वाढणे म्हणजे उशीर झाल्याची कबुली. म्हणून सासूबाई दरवर्षी कळ्या कात्रीने छाटून टाकत आणि भाजी कोवळी म्हणून वाढत. मी दोनदा बोलले होते. "शाळेतलं शहाणपण चपलांजवळ ठेवून आत येत जा, शिनो," असे उत्तर मिळाले.

शोवा तेहेतिसावे वर्ष, म्हणजे १९५८, एप्रिलअखेरची सम्राटांच्या वाढदिवसाची सुट्टी. मी शाळेच्या मुलांना घेऊन डोंगरावर वनस्पती ओळखायला गेले होते. घरी मंदिरातले पाहुणे येणार होते. किनूने आणलेली टोपली सासूबाईंना कमी वाटली. त्या स्वतः ओढ्याकाठी गेल्या आणि हिरवे दिसले ते खुडून आणले. त्यांच्या टोपलीत कळ्या नव्हत्याच. किनूच्या टोपलीतल्या त्यांनी छाटल्या. मग दोन्ही ढीग एक झाले. आमच्या घरात आधी पुरुष आणि मुलगे जेवत. पाहुणे यायच्या आत माझा दीर, किनूचा नवरा कान्जी, त्यांचा शुइची आणि माझा तादाओमी जेवायला बसले. दिवस मावळायच्या आत कान्जी आणि शुइची गेले.

मोरीजवळच्या कचऱ्यात मला कळ्या सापडल्या, सगळ्या कात्रीने छाटलेल्या, आणि गाळणीत लांब देठाची पाने. मी ती ओल्या कागदात गुंडाळली आणि दुसऱ्या दिवशी बैठकीच्या खोलीत हवालदारासमोर आणि गावच्या प्रमुखासमोर ठेवली. वर्गात सांगते तसे सांगितले: ही बिनदेठाची, ही देठाची, किनूने आणली त्यांना कळी होती, ही त्यांची कळी, ही देठाची तिने आणलेली नाहीत. हवालदार ऐकत होता. प्रमुखाने पानांकडे पाहिलेही नाही.

"सून होऊन सासूवर साक्ष देता?" तो म्हणाला. "शाळेत फुलांची कुळं शिकवता ना, बाई? आधी स्वतःचं सांभाळा."

मग त्याने माझ्या नवऱ्याला विचारले. माझा नवरा कोसेकी योशिझो याने आदल्या दिवशी सकाळी शेतावर जाताना आईला ओढ्याकडून टोपली घेऊन येताना पाहिले होते. आदल्या संध्याकाळी विहिरीजवळ त्यानेच मला ते सांगितले होते. तो चटईकडे पाहत म्हणाला, "मी काही पाहिलं नाही."

किनूवर खटला झाला नाही, चूक म्हणून सोडून दिले. पण चूक तिची, असे ठरले. तिचे नाव आमच्या कुटुंबाच्या सरकारी नोंदीतून काढून माहेरी पाठवले, आणि माहेरच्यांनी तिला दारातूनच परतवून लावले. गरम झऱ्याच्या धर्मशाळेत, ती आज चालवते त्या ओकित्सु सादाकोच्या आईने तिला चादरी धुवायला ठेवले. खोऱ्यात तिला 'बचनागाची बाई' हे नाव पडले. तिच्या हातचा चहाही कोणी घेत नसे. मुलाच्या थडग्याला ती पहाटे, कोणी उठायच्या आत जाऊन येई. सासूबाई म्हाताऱ्या होऊन, दात पडून, मानाने गेल्या. त्यांच्या अंत्ययात्रेला प्रमुखाने भाषण केले, मी शाळेत थांबून सातवीला एकदल आणि द्विदल शिकवले.

म्हणून या उताराची व्यवस्था अशी. तादाओमीने माझ्या मृत्यूनंतर येणाऱ्या पहिल्या वसंतापर्यंत किनूच्या अस्थी कोसेकी थडग्यात, शुइचीच्या शेजारी ठेवल्या, आणि दगडावर तिचे नाव कोरून घेतले, तर हा उतार त्याचा. तसे न केल्यास उतार चिहारुचा, आणि किनूच्या अस्थी तिथेच उतारावर न पुरता सादाकोच्या ताब्यात द्याव्यात. त्यांचे पुढे काय करायचे ते तिला मी सांगितले आहे. कोणत्याही परिस्थितीत उतारावरचा बचनाग उपटू नये. त्याने काही केलेले नाही.

कलम चौथे. योशिझोचे मासेमारीचे गळ, घड्याळ आणि पाईप कोणाला हवे त्याने न्यावेत. तो वाईट माणूस नव्हता. माझ्यावर कधी हात उगारला नाही, पगार माझ्या हातात ठेवू दिला, आजारपणात बिछान्याशी बसला. मरताना म्हणाला, "त्या दिवशी मी बोलायला हवं होतं." मी म्हटले, हो. मला अजूनही त्याचा राग आहे आणि तो मी कोणाला देऊन जात नाही. त्याच्यामागे मी किनूला घरी आणले. तेरा वर्षे आम्ही दोघी इथे राहिलो. ती भाजी शिजवे, मी खाई. पहिल्या दिवशी तिने वाटी पुढे ठेवली. मी वाटी संपवून आणखी मागितली. तेव्हापासून तादाओमी नववर्षाला यायचा बंद झाला.

कलम पाचवे, आणि शेवटचे. हे तादाओमीसाठी आहे. वकिलाने वारसांसमोर मोठ्याने वाचावे.

तादाओमी, तू फोनवर म्हणालास, "आई, त्या बाईनं आपल्या घरातली दोन माणसं मारली. मीही मेलो असतो. डॉक्टरांनी वाचवलं म्हणून." तुला असे आजीने सांगितले. डॉक्टर सायकलवरून आले तेव्हा संध्याकाळ झाली होती. तोवर जे व्हायचे ते होऊन गेले होते.

ओठांना मुंग्या येतात, असे तू आधी म्हणालास की शुइची, हे किनूला आठवत नव्हते. दोघे एकदमच रडू लागलात. कान्जी आडवा पडला होता. सासूबाई देवघरात होत्या. किनू एकटी, आणि पुढे दोन मुले. या घरात आधी तुझे ताट वाढले जाई, आधी तुझी आंघोळ होई, नव्या वर्षाचा पहिला घास तुझा असे, कारण तू थोरल्या घरचा वारस. हे किनूला आम्हीच शिकवले होते, मारून नाही, रोज रोज सांगून. तिने तुला आधी धरले. तुझ्या घशात बोटे घातली, तू चावलास तरी काढली नाहीत, सगळे बाहेर येईपर्यंत. मग ती शुइचीकडे वळली. तोवर त्याची दातखीळ बसली होती.

मी डोंगरावरून आले तेव्हा तू भिंतीशी रडत होतास, म्हणजे जिवंत होतास, आणि किनूच्या बोटांतून रक्त गळत होते. तिने शुइचीला मांडीवर घेतले होते. ती मला म्हणाली, "ताई, मी थोरल्याला आधी घेतलं." पुढे कधीतरी मी तुला हे सांगते म्हटले तर तिने माझे दोन्ही हात धरले. "नको. पोराला जड होईल. मी आहे तोवर नको." मी शब्द दिला आणि पाळला. ती आता नाही.

तिच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर तुझ्या दातांचे वण शेवटपर्यंत होते. चितेनंतर मी आणि सादाकोने तिची हाडे आमच्या रीतीप्रमाणे काड्यांनी उचलली. तू आला नव्हतास. बोटांची हाडे मी वेगळी, कलशात सगळ्यात वर ठेवली आहेत. थडग्याचा दगड सरकवलास की कलश तू स्वतःच्या हाताने उचलून आत ठेवायचा आहेस. गवंड्याला ठेवू देऊ नकोस.

माझ्या अस्थींचे नंतर पाहा. किनू आत गेली तर मला तिच्या पलीकडे, योशिझोपासून लांब ठेव. ती गेली नाही तर मलाही त्या थडग्यात जागा नको. पण गेली, तर आधी ती. या घरात एकदा तरी धाकट्या घरचे आधी होऊ दे.

हाताने लिहिलेल्या मृत्युपत्राला साक्षीदार लागत नाहीत, असे वकील म्हणाला. कायद्याला लागत नसतील, मला लागतात.

साक्षीदार एक: ओकित्सु सादाको, धर्मशाळेची मालकीण. या मृत्युपत्राची अंमलबजावणी तिच्याकडे.

साक्षीदार दोन: तोगाशी उमे, शेजारीण. त्या दिवशी ती मिरिनची, म्हणजे स्वयंपाकाच्या गोड मद्याची, बाटली उसनी मागायला मोरीच्या दाराशी आली होती. वर पाचव्या कलमात लिहिले ते तिने डोळ्यांनी पाहिले, आणि आधी सासूबाईंच्या धाकाने आणि त्यांच्यामागे लाजेने चाळीस वर्षे गप्प राहिली. आज मी तिला वाचून दाखवले. ती म्हणाली, "शिनो-सान, आणा इकडे. सही कुठं करायची?" पिंपे तिला द्यावीत असे मी पहिल्या कलमात लिहिले होते, ते तसेच राहू दे.

ठिकाण: कामिसावा, मागची पडवी, जिथून उतार दिसतो. जोडफुलीला कळ्या आल्या आहेत.

दिनांक: हेइसेइ दहा, म्हणजे १९९८, मे महिना, तीन तारीख. शुभ आहे की नाही ते मला माहीत नाही.

कोसेकी शिनो (सही व शिक्का)
ओकित्सु सादाको (सही व शिक्का)
तोगाशी उमे (सही, शिक्का घरी राहिला म्हणून अंगठा)