मुळातच हळू बोलणारा

२ जून
आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल, म्हणजे साहेब, या महिन्यात रिटायर होतायत. ती खुर्ची मला मिळायला हवी. डिग्री आहे, अनुभव आहे, चष्मासुद्धा आहे. आज साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं आणि म्हणाले, सगळं ठीक आहे, फक्त तुमचा आवाज. मी विचारलं, माझा आवाज? काचेपलीकडे वाचत बसलेले सगळे एकदम माना वर करून बघायला लागले. आमच्या वाचकांना एकाग्रता म्हणून नाहीच.

२ जून, संध्याकाळ
साहेबांचं म्हणणं डोक्यातून जात नाही. कुणीतरी माझ्या घराण्याबद्दल त्यांचे कान भरले असणार. बाबांची पिठाची गिरणी होती. खाली गिरणी, वर आम्ही. दिवसभर जातं फिरायचं, त्यामुळे घरातले सगळे ओरडूनच बोलायचे. आई मीठ मागायची तरी आग लागल्यासारखी मागायची. मी मात्र त्यातला नाही. मी मुळातच हळू बोलणारा. माणूस स्वतःला स्वतः घडवतो असं माझं ठाम मत आहे. घराण्यावर खापर फोडणं हे आळशी लोकांचं काम.

५ जून
आजपासून प्रोजेक्ट सुरू. आवाज आहे त्याच्या निम्मा करायचा. तो आधीच कमी असल्यामुळे उरेल किती, ही एक काळजी आहे.
शिपायाला कोपऱ्यात घेऊन एकदम खालच्या पट्टीत एक गोष्ट सांगितली, की साहेबांनी इतकी वर्षं नुसत्या खुर्च्या उबवल्या. स्ट्रिक्टली कॉन्फिडेन्शियल. संध्याकाळपर्यंत साहेबांना कळलं. शिपायाच्या पोटात काही राहत नाही. त्याच्याशी बोलायचं नाही, कानाला खडा.

८ जून
बायकोला मदतीला घेतलंय. तिच्या वडिलांची कायम रात्रपाळी असायची. दिवसा ते झोपायचे, म्हणून त्या घरात सगळे कुजबुजून बोलायचे. अजूनही तसेच बोलतात. सासरवाडीला गेलं की काहीतरी कट शिजतोय असं वाटतं. लग्नाला बारा वर्षं झाली, ही काय बोलते ते मला अजून नीट ऐकू आलेलं नाही. बहुतेक वेळा ती हो म्हणते असं मी धरून चालतो.
आज तिला विचारलं, मी हळू बोलतो की नाही? तिने काहीतरी उत्तर दिलं. हो म्हणाली असावी.

९ जून
कन्येच्या शाळेतून निरोप. वर्गात फार मोठ्याने बोलते म्हणे. सात वर्षांची पोर. हा नक्कीच बाबांचा परिणाम. गिरणी विकल्यापासून ते आमच्याकडे राहतात. कान गिरणीने खाल्लेत. दोघं दिवसभर एकमेकांच्या अंगावर ओरडत असतात आणि हसत असतात. मी कन्येला शांतपणे समजावलं की असं ओरडू नये. खालच्या वॉचमनने वर येऊन विचारलं, काही मदत हवीय का. हल्ली बिल्डरने भिंती फारच पातळ बांधल्यात.

१२ जून
ब्रेनवेव्ह. वाचनालयात बोलायचंच नाही, खुणा करायच्या. गिरणीत आमच्या घरच्या खुणा होत्याच. मूठ वर म्हणजे थांब. दोन बोटं चोळली म्हणजे बारीक दळ. गळ्यावरून बोट फिरवलं म्हणजे बंद करतोय, आवरा. घराण्याकडून घ्यायचंच झालं तर एवढंच घ्यावं.

१३ जून
बंद व्हायच्या वेळेला एक आजोबा पेपर सोडेनात. मी समोर उभा राहिलो, त्यांच्या डोळ्याला डोळा भिडवला आणि गळ्यावरून सावकाश बोट फिरवलं. आजोबा पेपरसकट पळाले. नंतर मुलाला घेऊन आले. साहेबांना मध्ये पडावं लागलं. खुणा बंद. लोकांना साधी गोष्ट कळत नाही.

१७ जून
मुलाखत पंचवीसला, साहेबांच्याच केबिनमध्ये. कमिटीच्या अध्यक्षीणबाई दातांच्या रिटायर्ड डॉक्टर. शिपायाकडून कळलं (कामापुरतं बोलतो) की त्या प्रत्येकाला घराबद्दल विचारतात. वाचनाचं वातावरण होतं का, वडील काय करत. त्यांच्या मते माणूस घरातच घडतो किंवा बिघडतो. जुनाट विचार. पण खुर्ची त्यांच्या हातात आहे.
गिरणीचं नाव काढायचं नाही हे ठरलं. त्यात लाज कसली? लाज नाहीच. फक्त त्या आवाजाचा संबंध माझ्या आवाजाशी जोडतील. खोटंही बोलायचं नाही. वडील व्यवसायात होते एवढंच म्हणायचं आणि विषय पुस्तकांवर आणायचा.

२१ जून
बाथरूममध्ये नळ सोडून मुलाखतीची रंगीत तालीम केली. ‘माझ्या जडणघडणीत घराचा वाटा जवळजवळ शून्य.’ वाक्य झकास जमलंय. बाहेर पडलो तर जिन्यात वरच्या मजल्यावरच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, वाक्य चांगलं आहे, पण ‘जवळजवळ’ काढा. भिंतींना कान असतात म्हणतात ते खोटं नाही.

२३ जून
बाबांनी जेवताना विचारलं, मुलाखत किती वाजता? यांना कुणी सांगितलं? मी फक्त हिला सांगितलं होतं, तेही स्वयंपाकघराचं दार लावून. मी म्हणालो, अजून नक्की नाही. ते म्हणाले, आमच्या घरात पुस्तकांचा साहेब पहिलाच. मग बराच वेळ कन्येला सांगत बसले, तुझा बाप पिठाच्या पोत्यावर बसून वाचायचा, त्याचं पुस्तक झटकलं की घरभर पीठ उडायचं.
मला ऐकवत नव्हतं. उठून हात धुतले.

२४ जून
बाबांनी स्वतःचा पांढरा शर्ट इस्त्री केला. कशाला ते विचारायला हवं होतं. पण मी आवाज राखून ठेवतोय.

२५ जून, दुपार
मुलाखत झाली. सुरुवात उत्तम. मी इतका हळू बोललो की मलाच माझा अभिमान वाटला. कमिटीतले एक सभासद खुर्ची मागे सरकवून बसले. बहुधा रिलॅक्स झाले.
मग अध्यक्षीणबाईंनी विचारलं, वडील काय करायचे? म्हणालो, व्यवसायात होते. कसला व्यवसाय? म्हणालो, धान्याशी संबंधित. बाई पेन्सिल घेऊन थांबल्या. म्हणून म्हणालो, संशोधन. त्यांचा चेहरा खुलला. मग ते पुढे आपोआप होत गेलं. अत्यंत अभ्यासू, मितभाषी. घरात इतकी शांतता की पान उलटल्याचा आवाज यायचा. बाई म्हणाल्या, अशा माणसाला भेटायला आवडेल. आता काय करणार? म्हणालो, ते आता नाहीत. मी लहान असतानाच गेले.
बाईंनी चष्मा काढला. मला वाटलं, जिंकलो.
बाहेर आलो. वाचन कक्ष भरलेला होता आणि एकही माणूस वाचत नव्हता. सगळे माझ्याकडे बघत होते. खिडकीजवळच्या खुर्चीवर पांढऱ्या शर्टात बाबा बसले होते. शेजारी कन्या. आज शाळेला दांडी मारून आजोबांना घेऊन आली होती, मला साहेब झालेलं बघायला.
बाबा उठले, छान झालं म्हणाले. हसले पण. काही ऐकू आलं नसणार. केबिनचं दार बंद होतं, मध्ये काच होती, आणि बाबांना कानाशी भोंगा वाजला तरी कळत नाही.
घरी येताना बसमध्ये कन्येने विचारलं, ‘आजोबा, तुम्ही गेलात म्हणजे कुठे गेलात?’ सगळ्या बसने ऐकलं. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

२५ जून, संध्याकाळ
बाबा जेवले नाहीत. उन्हात फिरल्यामुळे भूक मरते.

२६ जून
जेवले. बोलले नाहीत. कन्येशीसुद्धा नाही. मी लहानपणापासून ज्या शांततेची कल्पना करत होतो ती आज घरात आहे. बरं वाटत नाहीये.

२८ जून
खुर्ची संदर्भ विभागातल्या ज्युनिअर मुलीला मिळाली. साहेबांनी सांगितलं की अध्यक्षीणबाईंना माझी फाइल आवडली होती. पण त्या दिवशी मी डबा घ्यायला आत गेलो होतो तेवढ्यात, बाई बाहेर पडताना एका म्हाताऱ्या गृहस्थांनी त्यांना नमस्कार केला आणि विचारलं, माझा मुलगा कसा बोलला? बाईंनी विचारलं, कोण मुलगा? त्यांनी माझं नाव सांगितलं. बाई त्यांना काय म्हणाल्या ते साहेबांना माहीत नाही. नावं ठेवायला मला कुणी सापडेना. शिपायाचाही दोष काढता येत नाही.

२९ जून
रविवार. बाबा गॅलरीत एकटे बसले होते. मी जवळ जाऊन उभा राहिलो. मग माझ्या त्या नव्या, कमावलेल्या, निम्म्या आवाजात म्हणालो, ‘बाबा, चुकलं माझं.’
बाबा म्हणाले, ‘काय?’
जरा मोठ्याने म्हणालो. त्यांनी कानाला हात लावला. ‘काय म्हणतोस?’
मग बेंबीच्या देठापासून ओरडलो. चुकलं, बाबा. तुम्ही आहात. गिरणी होती, मी गिरणीवाल्याचा मुलगा आहे. समोरच्या बिल्डिंगमधल्या दोन खिडक्या उघडल्या. वॉचमन फाटक सोडून रस्त्यावर आला आणि वर बघत उभा राहिला. बाबांनी मान हलवली. म्हणाले, ‘असं बोलावं माणसाने.’ आणि चहा मागितला, तोही सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा.
मी आत आलो. हिला म्हटलं, बाबांचे कान फारच गेलेत, तीनदा सांगावं लागलं. ही चहाचं आधण ठेवत होती. तिने नेहमीसारखंच हळू उत्तर दिलं, पण आज मला ते लख्ख ऐकू आलं. म्हणाली, ‘पहिल्या वेळीच ऐकलं होतं त्यांनी.’