डावा खांदा, अर्धा इंच

२ फेब्रुवारी, सिल्वासा
पोचलो एकदाचा! शहाद्याहून शिलाई मशीन उचलून आणलं म्हणून चेतन हसला. म्हणाला, आबा, इथे तयार कपडे मिळतात. मिळेनात का! गुड्डीचं शाळेत गॅदरिंग, आणि आजोबा शिंपी असताना नात विकतचा फ्रॉक घालणार? सहा वर्षांची बाई, पण ऑर्डर मोठी: पिवळा हवा, आणि गिरकी घेतली की छत्री व्हायला हवी. सूनबाई, तेजस्विनी, खिचडीवर सढळ हातानं तूप वाढते. जीव रमेल इथे.

७ फेब्रुवारी
फ्रॉक घालून पाहिला. गळा डावीकडे उतरतो. पन्नास वर्षांत असं झालं नाही. उसवून परत शिवला, तरी तेच. गुड्डी सकाळी उठल्या उठल्या ओकली. चेतन खडोलीच्या कारखान्यात निघता निघता म्हणाला, शाळा बुडवायची नाटकं. खरंच, दहापर्यंत पोरगी हुंदडायला लागली.

११ फेब्रुवारी
पुन्हा ओकारी. गळा पुन्हा उतरलेला. मीही हट्टी, डावा खांदा अर्धा इंच दाबला. आता कसा चपखल बसला! गुड्डी विचारते, आबा, तुझं मशीन दोन-दोन का दिसतं? लबाड कुठली.

१४ फेब्रुवारी
शेजारची तानूबाई आली. फ्रॉक हँगरला लावून हसली. मास्तर, म्हणाली, चष्मा बदला, वाकडा शिवलाय.
वाकडाच आहे.
आणि गुड्डीच्या अंगावर सरळ बसतो. म्हणजे मी—

दुपारी
तिला भिंतीशी उभं केलं. मान डावीकडे कललेली. सरळ धर म्हटलं. धरली, रडली, परत कलली. फरशीच्या सांध्यावरून चाल म्हटलं. झिंगल्यासारखी— लिहवत नाही. चेतनला फोन केला.

१५ फेब्रुवारी
डोक्याचा फोटो काढला. मागच्या बाजूला, मानेच्या वर, गाठ. आत पाणी साठतंय. डॉक्टरीणबाई आजच सुरतला न्या म्हणाल्या. त्यांनी विचारलं, मान कधीपासून कलते? चेतन सूनबाईकडे बघायला लागला, सूनबाई माझ्याकडे. मला ठाऊक होतं. तारखेसकट. पण मी सांगितलं नाही.

गाडीत
वापी मागे पडलं. चेतनला सांगून टाकलं. आठ दिवस मी कापड सरळ करत बसलो, म्हटलं. तो बाहेर बघतोय.
गुड्डीचे डोळे मिटताहेत. हाक मारतो, ओ देते. हाक मारतो, ओ देते. उशिरा देते.
हाक मारली.
परत मारली. गुड्डे, आबा बोलतोय गं—