नवसाच्या बोकडाची निरवानिरव

लिहून ठेवणार : चंपतराव, वय पासष्ट, धंदा पूर्वी सरकारी बसचा कंडक्टर, आता शेती आणि शेळ्या, राहणार मौजे बोरखेडी, मंडल जैनथ, जिल्हा आदिलाबाद.

माझी छाती आता भरवशाची राहिली नाही, असे डॉक्टरने तोंडावर सांगितले आहे. डोके मात्र शाबूत आहे. कोणी धाक घातलेला नाही, कोणी लालूच दाखवलेली नाही, आणि सकाळपासून चहाशिवाय काही प्यालेलो नाही. शाळा मराठीत झाली म्हणून हा कागद मराठीत लिहीत आहे. कचेरीवाल्यांना तेलुगूत पाहिजे असेल तर त्यांनी करून घ्यावा, पण एक शब्दही गाळू नये.

कलम एक. गावातले राहते घर, मागच्या गोठ्यासह, माझी पत्नी रेणुकाबाई हिच्या नावे करतो. ती सात वर्षांपासून भैंशाला तिच्या भावाकडे राहते. घर तिचेच आहे. ती गेल्यापासून मी देवघराशिवाय कशाची जागा बदललेली नाही, आणि देवघर बदलले ते उंदरांमुळे.

कलम दोन. माझ्या नावच्या पट्ट्याची सगळी जमीन माझी मुलगी प्रगती हिला. ती मुधोळला मास्तरीण आहे, शेती करणार नाही हे मला ठाऊक आहे. तिने ती ठोक्याने, सालाचे पैसे ठरवून, दुसऱ्याला कसायला द्यावी, पण माझा धाकटा भाऊ मारोतराव याला देऊ नये. त्याने दोनदा बांध कोरला आहे. तिसऱ्यांदा कोरायला मी नसेन.

बँकेत जे असेल ते दोघी मायलेकींनी अर्धे अर्धे घ्यावे. या कागदाप्रमाणे सगळे घडवून आणण्याचा अधिकार प्रगतीला देतो.

कलम तीन. तिन्ही शेळ्या शेजारीण बयनाबाई हिला द्याव्या. माझा दमा उठला की तीच त्यांना चारून आणते. बाई मायाळू आहे, म्हणूनच तिला बजावून लिहितो. लग्नाच्या पंगतीतला उरलेला भात शेळीला घालायचा नाही. मागे तिने प्रेमाने टोपलंभर घातला, आणि शेळीचे पोट फुगून ती रात्रभर दात खात राहिली. दव सुकल्याशिवाय शेळ्या सोडू नयेत. कपाशीवर फवारणी झाली असेल तर पंधरा दिवस त्या रानाकडे फिरकू नये. ज्वारी कापल्यावर खुंटांना जे कोवळे कोंब फुटतात त्यांत विष असते, शेळी तासाभरात आडवी होते. जंताचे औषध मिरगाच्या आधी आणि दिवाळीनंतर. आंत्रविषाराची लस पावसाळ्यापूर्वी, ती चुकवू नये. खुरे दीड महिन्याने कापावी. पाला तोडायची आकडी आणि खुरे कापायची कात्री तिलाच द्यावी.

कलम चार. आता बोकडाचे. हे लिहायला मी तीन दिवस लावले आहेत.

बोकड काळा आहे. खांद्यावरून पोटाखाली तिरपा पांढरा पट्टा आहे, कंडक्टरच्या पिशवीसारखा. त्याची माय बाळंतपणात मेली, म्हणून माझा मुलगा वैभव याने त्याला बाटलीने दूध पाजून वाढवले आणि नाव ठेवले कंडक्टर. घरात दोन कंडक्टर झाले. रेणुकाबाई हाक मारायची तेव्हा दोघेही बघायचो.

दोन हजार सोळाच्या श्रावणात वैभवला ताप आला. वय एकोणीस. आदिलाबादच्या दवाखान्यात अकरा दिवस होता, रक्तातल्या पेशी खाली खाली चालल्या होत्या. रेणुकाबाईने शिवेवरच्या पोचम्मा देवीला नवस बोलला की पोरगा उठला तर कंडक्टर तुझा. तिच्याकडे द्यायला त्याच्याहून जवळचे काही नव्हते. पोरगा उठला. दसऱ्याला सोने वाटत गावभर हिंडला.

नवस पुढच्या आखाडात फेडायचा होता. मी म्हणालो, ड्यूटी आहे. मग म्हणालो, पाऊस फार आहे. मग म्हणालो, पुढच्या साली. पुढच्या सालीही तेच केले. त्यानंतरच्या फाल्गुनात वैभव नदीवरची मोटार चालू करायला गेला आणि शॉक लागून गेला.

दहाव्याच्या दिवशी सगळी भावकी ओसरीवर बसली होती. मारोतरावाने सगळ्यांदेखत विचारले, "दादा, नवस काऊन नाही फेडला तुमी?"

मी म्हणालो, "वैभवनंच फेडू नाही देल्ला."

मेलेला माणूस उठून नाही म्हणत नाही. रेणुकाबाई आतल्या दारात बसली होती. ती म्हणाली, "माह्या लेकरानंच माहा नवस मोडला. मंग देवीले काय बोल लावू?" तेराव्यानंतर ती भैंशाला गेली. प्रगती सांगते की तिकडे ती वैभवच्या फोटोकडे पाठ करून जेवते.

मी जे बोललो ते खोटे होते. आज शुद्धीत, साक्षीदारांसमोर लिहून देतो की खोटे होते. पहिल्याच आखाडात वैभव गोठ्यात बोकडाला बोरीचा पाला घालत होता. तेव्हा तो मला म्हणाला, "बाबा, मले बी तो आवडते. पण आईनं शब्द देल्ला हाये. तुमाले नाई होत तं मी नेतो ना, काऊन थांबून राह्यले?" मी त्याला गप्प बस म्हणालो. बोकडाचा लळा पोराला होता तितकाच मलाही होता, पण धीर पोरालाच होता. माझ्याच्याने झाले नाही.

देवीने नेला की विजेने, मला माहीत नाही. सात वर्षे विचार करून माहीत नाही. पण वैभवने आईचा शब्द मोडला नाही, हे माहीत आहे. रेणुकाबाईने त्याच्याकडे तोंड करून जेवावे. पाठ करायची तर माझ्या फोटोकडे करावी. माझा फोटो लावायची सक्ती नाही.

कलम पाच. गावकऱ्यांसाठी. देवीचा बोकड म्हणून दर मंगळवारी जो तो याच्यापुढे ओंजळभर ज्वारी टाकून हात जोडतो. मी नको म्हटले की देवाधर्माचा वैरी ठरतो. बोकडाला दाणा फार झाला की मूतखडा होतो. परवाच्या उन्हाळ्यात दोन दिवस त्याची लघवी अडली आणि तो पाठ वाकवून ओरडत होता. गुरांच्या दवाखान्यातला अमर रविवारी धावत आला म्हणून वाचला. तेव्हा ज्वारी देवीपुढे ठेवा, बोकडापुढे नको. त्याला तुरीचे कुटार, बोरीचा आणि बाभळीचा पाला, थोड्या बाभळीच्या शेंगा, चाटायला मिठाचा खडा आणि दोन वेळा ताजे पाणी एवढेच पाहिजे. थंडीत पाणी कोमट करावे, नाहीतर पीत नाही. त्याचे खालचे दात झिजले आहेत, म्हणून पाला डहाळीवरून ओरबाडून द्यावा.

कलम सहा. मारोतराव गावात सांगत फिरतो की म्हाताऱ्याचे डोळे मिटले की दुसऱ्या दिवशी बोकड देवीला देऊन घराण्याचा दोष काढू. मारोतरावाला या बोकडावर काडीचाही हक्क नाही. म्हणूनच त्याला या कागदाचा साक्षीदार केला आहे. मला माहीत नव्हते, असे म्हणायला त्याला जागा नको.

बोकड मी रेणुकाबाईच्या नावे करतो. नवस तिने बोलला, पोरगा तिचा, बोकड तिचा. मी गेल्यावर प्रगतीने आधी कलम चार तिला वाचून दाखवावे, दोनदा वाचावे, मग दावे तिच्या हातात द्यावे. तिने त्याला ठेवावा की देवीला द्यावा, हे तिने एकटीने ठरवावे. ठेवला तर चारा-पाणी वर लिहिले आहे. दिला तर कोणी तिला नाव ठेवू नये, प्रगतीनेही रडून तिला अडवू नये. मी सात वर्षे तिचा शब्द अडवून धरला, आता तिला कोणी अडवायचे नाही.

एकच मागणे आहे, अट नाही. देवीला न्यायच्या दिवशी जनावराला सकाळपासून उपाशी ठेवायची पद्धत आहे. रेणुका, ती पाळू नको. त्याला आधी पोटभर पाला घाल, खाऊन रवंथ करू दे, आणि मग ने.

वरील मजकूर मी स्वतःच्या हाताने लिहिला, दोघा साक्षीदारांना मोठ्याने वाचून दाखवला, आणि त्यांच्यासमोर सही केली.

सही : चंपतराव

साक्षीदार पहिला : अमर, गुरांच्या दवाखान्यात नोकरीला, जैनथ. सही.

साक्षीदार दुसरा : मारोतराव, लिहून देणाऱ्याचा सख्खा भाऊ, बोरखेडी. सही. सहीखाली त्याच्या हाताने : "कलम चार आजच आयकलं. वयनीले उद्याच्या उद्या भैंशाले जाऊन सांगतो म्हनलं, तं दादा नाई म्हनून राह्यला. मी जातो."

ठिकाण : बोरखेडी
दिनांक : १२ फेब्रुवारी २०२६, गुरुवार