वाचा-उपचाराच्या खोलीतून मला बाहेर काढण्याबाबत

प्रति,
मा. मुख्य आरोग्य अधिकारी,
आरोग्य कार्यालय,
दुसरा मजला, प्रशासकीय इमारत.

विषय : सार्वजनिक रुग्णालयातील वाचा-उपचाराच्या खोलीत ठेवलेली माझी पुठ्ठ्याची कटआउट हलवून तेथे उपचार सुरू करण्याबाबत, तसेच माझ्या बहिणीने आपणांस उद्देशून उच्चारलेल्या शब्दाच्या खुलाशाबाबत.

संदर्भ : आपल्या कार्यालयाचे खुलासा मागणारे पत्र, ज्यात सदर शब्दाचा उल्लेख 'अशोभनीय उद्गार' असा केला आहे.

महोदय,

खाली सही करणारा अर्जदार हा व्यवसायाने विनोदी नट आहे. दूरचित्रवाणीवरील मालिकेत ऐन वेळी शब्द विसरणाऱ्या कारकुनाचे काम मी इतकी वर्षे केले की लोक मला 'विसरूकाका' याच नावाने ओळखतात. दुकानात जाऊन साबण मागितला तरी दुकानदार आधी हसून घेतो आणि मग साबण देतो. याच लोकप्रियतेमुळे आपल्या कार्यालयाने मला आरोग्यदूत नेमले, त्याबद्दल मी आभारी होतो.

संदर्भीय पत्रात विचारले आहे की सदर महिला कोण आणि तिचा या कार्यालयाशी संबंध काय. त्याचे उत्तर असे की ती माझी थोरली बहीण आहे. निवृत्त होईपर्यंत ती बसस्थानकावर घोषणा देण्याचे काम करीत असे. 'प्रवाशांनी कृपया लक्ष द्यावे' हे शब्द या गावाने तिच्याच आवाजात ऐकले आहेत. गाडीला उशीर झाला की ती अशा काही सुरात दिलगिरी व्यक्त करी, जणू तिलाच सकाळी जाग आली नव्हती. घरात कुणी कुणाला गाढव म्हटले तरी ती ताटावरून उठून जाई. आई गेल्यावर मला वाढवले ते तिनेच, आणि मी नट व्हायचे म्हणालो तेव्हा घरात एकटी तीच हसली नाही.

एके सकाळी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालताना तिच्या उजव्या हातातून टॉवेल गळून पडला. तो उचलायला ती वाकली ती तशीच खाली बसली. तिला अर्धांगाचा झटका आला होता. आपल्या रुग्णालयाने तिचा जीव वाचवला, याबद्दल मी कृतज्ञ आहे आणि हे वाक्य मी थट्टेने लिहिलेले नाही. पण तिची वाचा गेली. तिला कळते सगळे. मालिकेत माझा चष्मा एका प्रसंगात डोळ्यांवर आणि लगेच पुढच्यात खिशात असला तर ती बोट दाखवून चूक काढते. फक्त शब्द सापडत नाहीत.

आम्हाला वाटले, निदान जन्मभर केलेली घोषणा तरी परत येईल. माझी बायको ध्वनिक्षेपक म्हणून तिच्या तोंडापुढे चमचा धरून बसायची. काही आले नाही. मग एके दुपारी वॉर्डबॉय भांडे आणायला उशीर करीत होता तेव्हा ताईच्या तोंडून एक शब्द बाहेर पडला. उच्चार खणखणीत, बसस्थानकावर असे तसाच. तो शब्द सरकारी कागदावर लिहिणे योग्य होणार नाही. एवढेच नमूद करतो की तो पुरुषाला उद्देशून असून संबोधन विभक्तीत, एकवचनी आहे. वॉर्डबॉय धावत आला.

त्यानंतर कित्येक दिवस तिच्याजवळ तेवढा एकच शब्द होता. पाणी हवे असले, दिवा मालवायचा असला, मला हाक मारायची असली तरी तोच. मोठ्या डॉक्टरांनी समजावून सांगितले की या आजारात असे होते. शिव्या मेंदूत वेगळ्या कप्प्यात असतात, त्या वाचतात, बाकीचे बुडते. त्यात रुग्णाचा दोष नसतो. पहिल्या काही महिन्यांत नियमित वाचा-उपचार मिळाले तर पुष्कळ परत येते, पुढे कठीण होत जाते. उपचार कुठे मिळतील, असे मी विचारले. ते म्हणाले, पद आहे, माणूस नाही.

याच सुमारास आपल्या कार्यालयाचा आरोग्य मेळावा होता आणि आरोग्यदूत या नात्याने मी मनातले चार शब्द बोलावे, असा आपलाच आग्रह होता. तुझ्याबद्दल बोलू का, असे मी ताईला विचारले. तिने होकारार्थी मान हलवली. मग स्वतःचे तोंड वाकडे करून माझ्याकडे बोट दाखवले आणि ते बोट ठामपणे नकारार्थी हलवले. नक्कल करायची नाही. मी तिच्या पायाला हात लावून कबूल केले.

मेळाव्यात काय झाले ते आपणांस माहीत आहे, कारण आपण अध्यक्षस्थानी होता. तरी माझ्या बाजूने सांगतो. ताईचा उल्लेख आला की मी थांबे, आणि मी थांबलो की सभागृह हसे. लोकांना वाटे, विसरूकाका आला. ताईजवळ एकच शब्द उरला आहे असे म्हणताच पुढच्या रांगेतून तो कोणता असावा याचे अंदाज ओरडून सांगण्यात आले. त्यात एकाने बरोबर ओळखला. पद भरा, अशी मी हात जोडून विनंती केली तर टाळ्यांच्या गजरात ती कुणाला ऐकूच गेली नाही. आपण स्वतः डोळे पुसत उठलात, ध्वनिक्षेपक हातात घेतलात आणि म्हणालात, "एकदा करून दाखवा ना, ताई कशा बोलतात ते." मी नाही म्हणालो. त्यावरही लोक हसले. दुसऱ्या दिवशीच्या बातमीचा मथळा होता 'हास्याच्या कारंज्यात आरोग्याचा जागर'.

त्या भाषणाचा परिणाम मात्र झाला, आणि तो दुहेरी झाला. एक म्हणजे आपल्या प्रसिद्धी विभागाने माझी पुरुषभर उंचीची डझनावारी कटआउट काढली. हात जोडलेले, दात दिसताहेत आणि पोटावर 'बोला, आरोग्यासाठी बोला!' असे लिहिलेले. दुसरे म्हणजे परगावच्या रुग्णालयातील वाचा-उपचाराच्या बाई आठवड्यातून दोनदा माझ्या घरी याव्यात, असा आदेश निघाला. फक्त माझ्या बहिणीसाठी. मी आनंदाने पेढे वाटायचेच काय ते बाकी होते. त्या बाई कुणाच्या वाट्याच्या आहेत, हे मी विचारले नाही.

बाई उत्तम आहेत. पिशवीत कुलूप, कंगवा, लिंबू, चावी अशा खऱ्या वस्तू घेऊन येतात आणि रुग्णाच्या हातात देऊन शब्द शोधायला लावतात. ताई त्यांना पहिल्या दिवशी तोच शब्द म्हणाली. बाई शांतपणे म्हणाल्या की हा पाठ झालेला दिसतो, आता पुढचा घेऊ.

बाईंच्या तिसऱ्या फेरीला प्रसिद्धी विभागाचे छायाचित्रकार आणि एक कर्मचारी आले. त्याच वेळी दारात शिंपीदादा आणि त्यांची बायको उभी राहिली. शिंपीदादा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात ताईच्या शेजारच्या खाटेवर होते. त्यांचीही वाचा गेली आहे. त्यांच्याजवळ उरलेला एकमेव शब्द म्हणजे 'उद्या', आणि ते शिंपी असल्यामुळे घरी गेल्यावर बरेच दिवस गिऱ्हाइकांना ते आजारी आहेत हेच कळले नाही. बाई येतात असे ऐकून ती दोघे मोठ्या आशेने आली होती. आपल्या कर्मचाऱ्याने सांगितले की आदेशात नाव एकच आहे, तुम्ही बाहेर थांबा, फोटोत येऊ नका.

तेव्हा ताई टेबल धरून उभी राहिली आणि म्हणाली, "नाही."

आजारानंतरचा तिचा हा पहिला नवा शब्द. माझी बायको स्वयंपाकघरातून धावत आली. बाई उठून उभ्या राहिल्या. कर्मचाऱ्याला नीट ऐकू गेले नसावे, कारण त्याने ताईच्या खांद्यावर शाल पांघरायला घेतली. ताई पुन्हा म्हणाली, नाही. मग तिने शिंपीदादांच्या बायकोचा हात धरून तिला स्वतःच्या खुर्चीवर बसवले आणि दाराकडे बोट दाखवून कर्मचाऱ्याला तिचा जुना शब्दही ऐकवला. छायाचित्र निघाले नाही. काही दिवसांतच आदेश रद्द झाला. कारणाच्या रकान्यात 'रुग्णाने उपचार नाकारले' असे लिहिलेले आहे.

बाई तरीही यायला तयार होत्या, स्वतःच्या सुटीच्या दिवशी. ज्यांना ज्यांना गरज आहे त्या सर्वांना एकत्र शिकवीन, म्हणाल्या, पण कुणाच्या घरात नको, रुग्णालयातच हवे, म्हणजे उद्या कुणी दुसरा आला तरी त्याला दार सापडेल. मी म्हटले, रुग्णालयात खोली कुठून आणायची? त्या माझ्याकडे पाहत म्हणाल्या, "खोली आहे हो. पण तिच्यात तुम्ही आहात."

मी जाऊन पाहिले. पहिल्या मजल्यावर, व्हरांड्याच्या टोकाला, दारावर अजून 'वाचा-उपचार' अशी पाटी आहे. भांडारपालांनी कुलूप काढले तर आत भिंतीपासून भिंतीपर्यंत मीच. काही उभा, काही आडवा. आरशावर, ज्यात पाहून रुग्णांनी ओठांची हालचाल शिकायची, मी पाठ टेकून उभा. त्यांतल्या एका 'मी'चा कान उंदरांनी खाल्लेला. आयुष्यात मी पुष्कळ ठिकाणी नको असताना गेलो आहे, पण इतका कुणाच्या आड आलो नव्हतो.

मी लगेच एक मी काखेत मारून बाहेर काढू लागलो. भांडारपालांनी हरकत घेतली की ही सरकारी मालमत्ता आहे. कुठेतरी हलवायची असेल तर चित्रातील कलाकाराचे ना-हरकत प्रमाणपत्र लागेल. मी म्हणालो, तो कलाकार मीच. त्यांनी एकदा पुठ्ठ्याकडे आणि एकदा माझ्याकडे निरखून पाहिले आणि साम्य पुरेसे नाही, असे मत दिले. पुठ्ठ्यावर केस जास्त आहेत, हे मला मान्य करावे लागले. पुढे आस्थापना शाखेत कळले की खोली नसल्यामुळे पद भरता येत नाही आणि पद रिकामे असल्यामुळे खोली भांडाराला दिली आहे. दोन्ही कागदांवर सही आपलीच आहे.

तेव्हापासून वर्ग त्या बंद दाराबाहेरच्या बाकावर भरतो. ताई असते, शिंपीदादा सपत्नीक असतात, शिवाय एक तरुण आई असते जिला सगळ्या जगाची नावे हळूहळू सापडताहेत, फक्त स्वतःच्या मुलीचे सापडत नाही. मुलगी शेजारी बसून वाट पाहते. मधूनच स्ट्रेचर जाते, औषधांच्या रांगेतली भांडणे चालू असतात, बाईंचा घसा बसतो. तरी शिंपीदादांना 'सुई' सापडली आहे. त्या दिवशी त्यांच्या बायकोने डोळ्यांना पदर लावला आणि ते तिला सारखे सुई, सुई म्हणत राहिले.

आता मूळ खुलासा. आपण पाहुण्यांसह रुग्णालयाच्या पाहणीला आलात तेव्हा वर्ग चालू होता. आपण मला ओळखलेत, थांबलात आणि पाहुण्यांना म्हणालात की हे आमचे विसरूकाका आणि या त्यांच्या त्या गमतीदार ताई. मग खाली वाकून, लहान मुलाशी बोलावे तसे, आपण तिला म्हणालात, "काय ताई, म्हणून दाखवा बघू तो शब्द."

तिने म्हणून दाखवला. सदर उद्गार आपल्या तोंडी सूचनेनुसार काढण्यात आला होता, हे माझे पहिले म्हणणे.

दुसरे म्हणणे माझ्या अंगाशी येऊ शकते, पण खुलाशात खोटे लिहिणे हा गुन्हा आहे असे आपल्या पत्राच्या तळाशी छापलेले आहे. हा शब्द आजारामुळे निघाला, असे मी लिहावे, अशी सूचना आपल्या कार्यालयातील एका सद्गृहस्थाने मला फोनवर केली. त्याप्रमाणे लिहायलाही बसलो होतो. परंतु त्या दिवशी ताईजवळ 'नाही', 'पाणी', 'चावी', 'बस' आणि 'उठा' एवढे शब्द होते. बाईंच्या वहीत तशी नोंद आहे. म्हणजे तिला निवड होती. मी घरी आल्यावर तिला विचारले की तो आपोआप निघाला की तू मुद्दाम म्हणालीस. ती खूप दिवसांनी हसली. सबब, उद्गार वैद्यकीय स्वरूपाचा होता असे मी म्हणू शकत नाही.

तरी विनंती की खोलीतून मला तातडीने बाहेर काढावे. जाळावे, रद्दीत घालावे, गळक्या छपराखाली लावावे, माझी काही हरकत नाही. हा अर्जच ना-हरकत प्रमाणपत्र समजावे. पद भरावे. ते भरेपर्यंत बाईंना रीतसर आदेश द्यावा, आणि त्यात एकच नाव नसावे. डॉक्टरांनी सांगितलेले महिने सरत चालले आहेत, ते कुठल्याही शाखेत थांबून राहत नाहीत. तोवर आपल्या प्रत्येक मेळाव्यात मी हा अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवीन. लोक हसतील. हसू देत. आता मी थांबणार नाही.

अर्ज ताईला वाचून दाखवला आहे. तिने डोळे मिटून सगळा ऐकला, कुठेही हरकत घेतली नाही. शेवटी तिने पेन मागितले आणि डाव्या हाताने एक शब्द खोडला. मी तो पुन्हा लिहिला, तिने पुन्हा खोडला. त्यामुळे खाली झालेल्या खाडाखोडीबद्दल क्षमस्व.

आपला ~~नम्र~~
(सही)
अर्जदार, विनोदी नट

खाडाखोड मान्य :
(अर्जदाराच्या बहिणीची सही, डाव्या हाताची)

दिनांक : सोमवार, खुलाशाच्या मुदतीचा शेवटचा दिवस