थंडीतलं विरजण

तीर्थरूप आईस, तुझ्या तापट लेकाचा नमस्कार.

काल सकाळी पातेल्यात दही लागलेलं पाहिलं आणि माझं इथलं सगळं बदललं. त्याआधी मी बॅग भरून ठेवली होती. तिकडचं कॉलेज अर्ध्यावर सोडलं, तसंच हेही सोडणार होतो. कारण काय, तर खोलीतला सोबती म्हणाला, "तुझं दही म्हणजे नुसतं नासकं दूध." मी भडकलो आणि अबोला धरला.

या थंडीत विरजण लागतच नव्हतं गं. आणि वर्गातल्या एका मुलीला मी घरचं दही देतो म्हणून बसलो होतो. हसू नकोस. बाबांना तर सांगूच नकोस.

काल सकाळी बघतो तर पातेलं सोबत्याच्या रजईत गुंडाळलेलं, आणि हा पठ्ठ्या स्वेटरवर स्वेटर चढवून कुडकुडतोय. म्हणाला, "बघतोस काय? दही लागलंय, आता तरी बोल की!"

मग बॅग रिकामी केली. काल दोघांनी दहीभात चापला, आज वर्गातही जाऊन आलो. खोकला जवळजवळ गेलाय. तुझे गुडघे कसे आहेत?

त्या मुलीसाठी वाटी भरून ठेवलीय. आता थांबत नाही. पत्र मिटलं की वाटी उचलतो, दार ओढून घेतो, आणि हा निघालो.

तुझाच,
धाकटा